उत्तराची वाट पाहणारा जॉब

चपला बाहेर काढा. बूट असतील तर बूट. दाराशेजारच्या लोखंडी रॅकवर आधीच दहा-बारा जोड आहेत, त्यांत कोल्हापुरीपासून पोलादी टोकाच्या सेफ्टी शूजपर्यंत सगळं आहे, आणि दिवसभराच्या मोज्यांचा एक दमदार वासही. नाक धरून हसू नका, तुमचे मोजे काही चंदनाचे नाहीत. दारावर रंगवलेली पाटी आहे: पादत्राणे बाहेर काढावीत. ही देवघराची पाटी नाही, कॉम्प्युटर रूमची आहे. दोन्हींत फरक इतकाच की इथं एसी आहे.

आत या, दार लावून घ्या. दार उघडं राहिलं की सिस्टिम मॅनेजर साहेबांची भिवई वर जाते.

तुम्ही भोसरीच्या एमआयडीसीत आहात. नव्वदचं दशक उतरणीला लागलंय, ऑक्टोबर आहे, खंडेनवमीची सकाळ आहे. बाहेर पुणे-नाशिक रस्त्यावर डिझेलचा धूर नाकात बसत होता आणि फूटपाथवर झेंडूचे ढीग लागले होते. पत्र्याच्या शेडवरून ऊन असं परावर्तित होत होतं की स्कूटरवरच पाठ ओली झाली. आणि आता अनवाणी पायांखाली उचललेल्या जमिनीच्या थंडगार फरश्या, अंगावर एसीचा झोत. घाम पाठीवरच थंड होतो आणि तुम्हाला शिंक येते. कोपऱ्यातल्या खुर्चीवर ऑपरेटर स्वेटर घालून बसलाय. ऑक्टोबर हीटमध्ये स्वेटर! त्याला काही विचारू नका, चार तास बसलात की तुम्हीही घालाल.

खिसे चाचपू नका, फोन मिळणार नाही. पट्ट्याला पेजर आहे, त्यावर एवढंच आलंय: ताबडतोब ऑफिसला फोन करा. तो फोन तुम्ही नाक्यावरच्या पिवळ्या पीसीओवरून रुपयाचं नाणं टाकून केला, आणि पलीकडून एकच वाक्य ऐकू आलं, ‘‘इन्व्हॉइस निघेना, गाड्या गेटवर उभ्यात.’’ तुम्ही इथले प्रोग्रामर आहात. वय असेल सव्वीस-सत्तावीस, शर्टाच्या खिशात दोन पेनं. एवढ्यात सवय होईल या देहाची.

समोर उभा आहे तो एएस/400. आयबीएमने 21 जून 1988 ला जगापुढे आणलेलं यंत्र, अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर गावात घडलेलं. तिथला हिवाळा हाडं गोठवणारा, त्यामुळे या पेटीला थंडी मानवते यात नवल नाही. मेनफ्रेमएवढी अवाढव्य नाही आणि टेबलावरच्या पीसीएवढी चिल्लरही नाही. मधल्या कारखान्यांची, मधल्या बँकांची, गोदामांची पेटी. आयबीएम 1978 ला भारतातून गेली आणि 1992 ला टाटांबरोबर भागीदारीत परत आली, त्यानंतर अशा पेट्या इकडे दिसू लागल्या. पेटीच्या अंगावर हात ठेवा. आतल्या डिस्कची बारीक थरथर तळव्याला लागते. साहेब बघतायत, हात काढा.

आता काचेपलीकडे डिस्पॅचचा हॉल पाहा. बारा टर्मिनलं, काळ्या पडद्यांवर हिरवी अक्षरं, एका पडद्यावर 24 ओळी आणि प्रत्येक ओळीत 80 अक्षरं. माऊस नाही. कळा दाबल्या की खट्‌ असा भरीव आवाज येतो, आणि बारा जण एकदम टाइप करतात तेव्हा तो हॉल खणखणतो. वर पंखे, खाली कूलंटचा आंबूस-तेलकट वास, दारातून फोर्कलिफ्टचा भोंगा. त्यातच आज बादल्या-खराट्यांचा आवाज, कारण दुपारी यंत्रपूजा आहे आणि शॉपफ्लोअर धुतला जातोय. लेथला आंब्याच्या डहाळ्या बांधून झाल्यात. केळीचे खुंट कुणीतरी तुमच्या केबलवर ठेवलेत, ते आधी उचला.

डिस्पॅचचे प्रमुख दारातच गाठतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात.

‘‘काय रे, झोपलाय का तुझा कॉम्प्युटर? सातपासून चलनं भरतोय. पडदा गोड बोलतो, ‘रेकॉर्ड जमा झाले’ म्हणतो. कागद कुठंय?’’

‘‘बघतो अण्णा.’’

‘‘बघू नको, काढ. पूजेआधी गाड्या गेल्या पाहिजेत. इन्व्हॉइसशिवाय गेटवरचा सोडत नाही, आणि एक्साइजवाला रस्त्यात धरतो तो वेगळाच.’’

अण्णांचं खरं आहे. एक्साइजच्या नियमाने मालाबरोबर इन्व्हॉइस हवंच. मूळ प्रत गिऱ्हाइकाला, दुसरी वाहतूकदाराबरोबर. ट्रकवाले गेटवर विड्या ओढत बसलेत आणि त्यातल्या एकाला संध्याकाळच्या आत नाशिकला पोचायचंय.

हे इन्व्हॉइस निघतं कसं, ते इथं उभ्या उभ्या समजून घ्या, कारण ते तुम्हीच बसवलंय. अण्णांचा माणूस चलन भरून एंटर मारतो. चलन फाइलमध्ये जातं. त्या फाइलला एक ट्रिगर लावलेला आहे. ट्रिगर म्हणजे दुकानाच्या दाराला टांगलेली घंटा: दार मालकानं ढकललं, गिऱ्हाइकानं ढकललं की गाईनं, ती वाजणारच. फाइलमध्ये रेकॉर्ड पडला की एएस/400 आपणहून तुमचा छोटा प्रोग्राम चालवतो. 1994 नंतरच्या ओएस/400 मध्ये, म्हणजे या पेटीच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, ही सोय आली आणि तुम्ही खुळावून गेलात, कारण आता बारा स्क्रीनच्या बारा प्रोग्राममध्ये तोच तोच कोड घालायला नको. तुमचा ट्रिगर प्रोग्राम चलनाचा नंबर उचलतो आणि एका डेटा क्यूमध्ये टाकून मोकळा होतो. क्यूच्या दुसऱ्या टोकाला एक बॅच जॉब रात्रंदिवस बसलेला असतो. क्यू रिकामी असेल तर तो वाट पाहतो, कितीही वेळ; नंबर आला की उठतो, इतिहासाच्या फाइलमध्ये नोंद करतो, चलन आजचं असेल तर इन्व्हॉइस छापायला पाठवतो, पुन्हा वाट पाहतो. अण्णांच्या माणसाला यातलं काही दिसत नाही. त्याच्या लेखी एंटर मारला की शेजारच्या खोलीत कागद निघतो.

म्हणूनच पडदा गोड बोलतोय. चलन जमा होणं आणि इन्व्हॉइस निघणं ही दोन निराळ्या जॉबची कामं आहेत, आणि पहिल्याला दुसऱ्याची खबर नसते. ट्रिगर स्वतःच कोसळला असता तर अण्णांच्या माणसाला त्याच्याच पडद्यावर एरर दिसली असती, कारण ट्रिगर त्याच्याच जॉबच्या पोटात चालतो. तशी एरर नाही, म्हणजे घंटा वाजतेय आणि आतला माणूस उठत नाहीये.

बसा टर्मिनलवर. खुर्ची गार आहे. साइन ऑन करा, कमांडच्या ओळीवर वर्क-अ‍ॅक्ट-जॉब मारा. चालू जॉबची यादी येते, उजव्या टोकाला प्रत्येकाची अवस्था. रोल-अपची कळ दाबत खाली चला. तुमचा बॅच जॉब क्यूबॅचखाली असतो, आणि त्याच्यापुढे एरवी डीईक्यूडब्ल्यू असं लिहिलेलं असतं, म्हणजे क्यूवर वाट पाहतोय, सुखी आहे. आज तिथं एमएसजीडब्ल्यू आहे. मेसेज वेट. जॉबनं कुणालातरी प्रश्न विचारलाय आणि तो उत्तराची वाट पाहतोय.

कधीपासून?

ऑपरेटरकडे वळा. तो स्वेटरच्या बाह्या खाली ओढतो.

‘‘माझ्या पडद्यावर काहीच नाही आलं.’’

‘‘क्यूसिसऑपर बघितलास?’’

‘‘त्यात कायम भरलेलंच असतं हो.’’

हे खरं आहे, आणि त्या काळच्या निम्म्या भानगडींचं मूळ इथंच आहे. क्यूसिसऑपर म्हणजे सिस्टिम ऑपरेटरची मेसेज क्यू. यंत्राला जे काही माणसाला सांगायचं असतं, ते बहुतेक इथं येऊन पडतं. प्रिंटरचा कागद संपला. अमुक जॉब पूर्ण झाला. टेप साफ करा. तमुक जॉब पूर्ण झाला. कुणीतरी पासवर्ड चुकवला, त्याचं टर्मिनल बंद केलं. तमुकाचा भाऊ पूर्ण झाला. पडदेच्या पडदे. ही क्यू ‘ब्रेक’वर ठेवली तर प्रत्येक मेसेज ऑपरेटर काय करतोय ते न बघता पडद्यावर आदळतो आणि टर्मिनल कोकलतं. आपल्या स्वेटरवाल्या भाऊला त्या कोकलण्याचा वीट आला. बुधवारी दुसऱ्या पाळीत त्यानं क्यू ‘होल्ड’वर टाकली. मेसेज साठतात, आवाज नाही. मग गुरुवार आला, एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी. यंत्र चालू, माणूस कुणी नाही.

त्याला ओरडू नका. दिवसातून शेकडो वेळा ‘काम झालं’ असं सांगणाऱ्या यंत्राचं कोण किती ऐकणार? ही चूक मला तरी ऑपरेटरपेक्षा ते सगळे मेसेज एकाच ठिकाणी ओतणाऱ्यांची जास्त वाटते.

जॉबच्या नावापुढे 7 टाका, एंटर. प्रश्न समोर येतो. सीपीए 5305: रेकॉर्ड जमा झाला नाही, मेंबर भरला आहे. कर्सर त्यावर ठेवून एफ1 दाबा. गुगल नाही, पण ही एक कळ आहे, आणि खरं सांगायचं तर तिच्यासाठी या यंत्राला मी दहा गुन्हे माफ करीन. कारण काय, उपाय काय, कुठलं उत्तर दिलं तर काय होईल, सगळं दोन पडद्यांत इंग्रजीत लिहिलेलं असतं. तारीख बुधवारची, वेळ संध्याकाळी सातनंतरची. भरलेली फाइल: तुमचीच इतिहासाची.

एएस/400 वर फाइल बनवताना आकार सांगितला नाही तर यंत्र स्वतःच ठरवतं: 10,000 रेकॉर्ड, भरले तर आणखी 1,000, आणि अशी वाढ तीनदा. 13,000 झाले की थांब आणि माणसाला विचार. ही मर्यादा मुद्दाम ठेवलेली आहे, एखादा बेभान झालेला प्रोग्राम सगळी डिस्क गिळू नये म्हणून. तुम्ही ती इतिहासाची फाइल बनवताना आकार सांगितला नव्हता. कोण सांगतं?

उत्तर काय द्यायचं? सी म्हणजे जॉब रद्द. आय म्हणजे वाढव आणि पुढं चल. किंवा किती वेळा वाढवायचं तो आकडा. सी दाबायचा मोह आवरा. जॉब मेला तर हातातलं चलन गेलं, कारण ते क्यूमधून आधीच उचललेलं आहे. आकडा द्या, भरपूर द्या. एंटर.

यादी ताजी करा, एफ5. जॉब ‘रन’मध्ये गेला! काचेपलीकडे अण्णांना अंगठा दाखवा. अण्णा अंगठ्याकडे बघत नाहीत, ते प्रिंटरकडे बघतायत. प्रिंटर गप्प आहे.

आणि एक मिनिटात पुन्हा एमएसजीडब्ल्यू.

या वेळी मेसेज निराळा आहे. दशांश आकड्यांत चूक. आरपीजी या प्रोग्रामिंग भाषेत काम करणाऱ्या कुठल्याही माणसाला रात्री झोपेतून उठवून हा मेसेज दाखवा, तो नंबरासकट ओळखेल. ज्या जागी आकडा असायला हवा तिथं आकडा नाहीये. मेसेजमध्ये ओळ क्रमांक आहे, त्यावरून फील्डचा अंदाज येतो: चलनातली नगांची संख्या. आता हे उत्तर न देता जॉब तसाच ठेवा आणि दुसऱ्या सेशनमध्ये जाऊन फाइल कच्ची उघडा. सिस्टिम रिक्वेस्टची कळ, 1, पुन्हा साइन ऑन. फाइल दाखवायला सांगा, शेवटाकडे जा, एफ10 दाबून हेक्समध्ये बघा.

हिरवी अक्षरं विरघळतात आणि उरतात जोड्या. इथं तुमचा सव्वीस वर्षांचा मेंदू कामाला येतो, कारण तो हे वाचू शकतो. या यंत्रावर ए म्हणजे सी1, शून्य म्हणजे एफ0, आणि मोकळी जागा म्हणजे 40. पण नगसंख्येचं फील्ड पॅक केलेलं आहे, एका बाइटमध्ये दोन अंक, आणि अगदी शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह: एफ असेल तर अधिक, डी असेल तर उणे. वरचा शहाणा रेकॉर्ड पाहा: 00 48 0एफ. पाच अंक आणि एक चिन्ह, म्हणजे 480 नग. त्याच्या खालचा: 00 12 5एफ. 125 नग. पुढचा: 40 40 40.

तिथं बोट ठेवा. काच कोमट आहे आणि बोटाला धुळीचा बारीक करंट लागतो. 40 40 40 म्हणजे तीन मोकळ्या जागा. शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये शून्य आहे, आणि शून्य हे काही चिन्ह नव्हे. यंत्रानं आकडा मागितला, त्याला शांतता मिळाली, त्यानं हात वर केले. बरोबरच केलं.

पण अण्णांच्या पडद्यावरून मोकळी नगसंख्या जाऊच शकत नाही, तिथं तपासणी आहे. मग हा रेकॉर्ड आला कुठून?

इतिहासाची फाइल काढा. प्रत्येक नोंदीपुढे कुणाच्या जॉबनं चलन टाकलं ते लिहायची अक्कल तुम्हाला तेव्हा सुचली होती, त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटा. सहा आकडी जॉब नंबर, मग युजर, मग टर्मिनलचं नाव. मागे जा. बुधवार संध्याकाळ. एक पडदा, तोच जॉब. दुसरा पडदा, तोच जॉब. रोल-अप, रोल-अप, रोल-अप, हजारो नोंदी, सगळ्यांवर एकच टर्मिनल, आणि वेळ अवघ्या काही मिनिटांत बसणारी. माणूस इतक्या वेगानं चलनं भरत नाही. टर्मिनल आहे स्टोअर्समधलं.

चपला घाला आणि पळा. शॉपफ्लोअर ओला आहे, साबणाचा आणि तेलाचा मिश्र वास, घसरू नका. फुलवाला हारांची टोपली घेऊन मधेच उभा. लाऊडस्पीकरवर कुणीतरी ‘माइक टेस्टिंग’ करतोय. स्टोअर्सच्या जाळीच्या दारामागे बेअरिंगच्या खोक्यांत एक तरुण मुलगा बसलाय. तुम्हाला धापा टाकताना पाहूनच त्याचा चेहरा उतरतो.

‘‘दादा, चिंचवडच्या प्लँटची जुनी चलनं आली होती टेपवर. साहेबांना एकत्र रिपोर्ट हवा होता. मी फक्त कॉपी मारली.’’

‘‘चालू फाइलमध्ये?’’

‘‘रिपोर्ट तिच्यावरच चालतो ना.’’

‘‘एरर नाही आली?’’

‘‘आली होती. फॉरमॅट जुळत नाही म्हणाली. मग एफ1 दाबून वाचलं, त्यात स्टार-नोचेक दिलेलं होतं. ते टाकलं, मग गेली.’’

मुलगा हुशार आहे, एफ1 वाचतो. स्टार-नोचेक म्हणजे कॉपीच्या कमांडला सांगायचं की बाई, तपासू नकोस, आहे ते तसंच ओत. ती ओतते. चिंचवडच्या फाइलमध्ये रद्द झालेल्या चलनांची नगसंख्या मोकळीच सोडलेली होती, ती मोकळीच इकडे आली. आणि घंटेला कुठं कळतंय की दार अण्णांनी ढकललं की कॉपीच्या कमांडनं? एकेका जुन्या चलनाला ट्रिगर इमानदारीत वाजला, एकेक नंबर क्यूत गेला, बॅच जॉबनं एकेकाची नोंद केली, आणि 13,000 ला इतिहास भरला. आजची खरी चलनं त्या सगळ्या जुन्या गर्दीच्या मागे उभी आहेत. क्यूत किती उरलंय हे पाहायला साधी कमांडही नाही. सगळी क्यू डंप करून कागदावर हेक्समध्ये छापता येते, पण प्रिंटरवर आज आणखी कशाचा भार नको.

मुलाला रागवायला तुमच्याकडे वेळ नाही. त्याचं नशीब.

परत. चपला. फरशी. गारवा. मेसेजला उत्तर द्या: जी. म्हणजे हा रेकॉर्ड सोड आणि नव्यानं फेरी सुरू कर. एंटर. जॉब चालतो, आणि पुढच्या रद्द चलनावर पुन्हा अडतो. जी. एंटर. पुन्हा. जी. एंटर. ऑपरेटर हळूच सुचवतो, ‘‘रिप्लाय लिस्टमध्ये टाकूया का? आपोआप जी देईल.’’ तशी सोय आहे: अमुक मेसेज आला की यंत्रानं स्वतःच तमुक उत्तर द्यावं. त्याला नाही म्हणा. आज वेळ वाचेल, आणि मार्चमध्ये एखादं खरं चलन असंच आपोआप सोडून दिलं जाईल, तेव्हा कुणाला पत्ताही लागणार नाही. तुम्ही हातानंच जी मारत बसा. अण्णा काचेला नाक लावून उभे आहेत, त्यांच्या श्वासानं काचेवर वाफ धरलीय.

मग एकाएकी मेसेज थांबतात. जॉब डीईक्यूडब्ल्यूमध्ये जातो. क्यू रिकामी झाली! इन्व्हॉइसं प्रिंटरच्या रांगेत दिसतायत, सकाळपासूनची सगळी.

आणि प्रिंटर? गप्प.

आता मात्र तुमच्या तोंडून एक शब्द निघतो, जो पूजेच्या दिवशी काढू नये. क्यूसिसऑपर उघडा. या वेळी शेवटून वाचा. प्रिंटर विचारतोय: इन्व्हॉइसचा छापील कागद चढवला का? ऑपरेटर उठतो, साधा कागद काढतो, कंपनीचं नाव छापलेला जाड, बहुपदरी कागद दात्यांवर बसवतो, बोटांना कार्बनची निळी लागते, ती स्वेटरला पुसतो. उत्तर: जी. प्रिंटर पुन्हा विचारतो: ओळ बरोबर जुळलीय का, बघून सांगा. हा प्रश्न तो जगाच्या अंतापर्यंत विचारत राहील. उत्तर: आय. एंटर.

कानावर हात ठेवा.

लाइन प्रिंटर सुरू होतो तेव्हा खोलीचं छत हलल्यासारखं वाटतं. करकर, खाड्‌, करकर, खाड्‌, एकेक ओळ एका दमात. गरम शाईच्या फितीचा वास, कार्बनचा वास, कागदाची पांढरी धूळ हवेत. अण्णा चपलांसकट आत शिरलेत. आज साहेबसुद्धा काही बोलत नाहीत. पहिलं इन्व्हॉइस पूर्ण बाहेर येतं, अण्णा कडेच्या भोकांच्या पट्ट्या टरकन ओढून काढतात, पदर वेगळे करतात, आकडे वाचतात, मान हलवतात. ‘‘नाशिकची गाडी आधी सोडा,’’ ते हॉलकडे ओरडतात, आणि गेटकडून इंजिन सुरू झाल्याचा आवाज येतो.

तुमचं काम संपलं असं वाटतंय ना? मुलगा पुढच्या महिन्यात पुन्हा टेप घेऊन येईल. ट्रिगर प्रोग्राम उघडा. त्याला दरवेळी दोनच गोष्टी मिळतात: एक लांबलचक बफर आणि त्याची लांबी. बफरमध्ये आधी फाइल, लायब्ररी, मेंबर, मग एक आकडा, 1 म्हणजे भर, 2 म्हणजे खोड, 3 म्हणजे बदल, आणि पुढे रेकॉर्डचं जुनं आणि नवं रूप. तुम्ही एक अट घाला: चलनाची तारीख आजची नसेल तर क्यूकडे फिरकूच नको. कंपाइल टाका. झालं. तपासायला अण्णांच्या माणसाकडून कालच्या तारखेचं एक खोटं चलन भरून घ्या.

क्यूत गेलं.

पुन्हा भरून घ्या. पुन्हा गेलं. कोड बघा, अट आहे. कंपाइलची वेळ बघा, नवी आहे. इथं भलेभले दुपार घालवतात. एएस/400 वापरात असलेला प्रोग्राम ओढून काढत नाही. कंपाइल केलंत की जुना प्रोग्राम क्यूआरपीएलओबीजे नावाच्या लायब्ररीत सरकवतो, आणि ज्यांनी सकाळपासून फाइल उघडून ठेवलीय ते बिनबोभाट जुन्यावरच चालत राहतात. यंत्र सभ्य आहे, चालू कामात खोडा घालत नाही. त्यामुळे नवा प्रोग्राम हवा असेल तर सगळ्यांनी बाहेर पडायला हवं. ट्रिगरच तात्पुरता काढून ठेवावा म्हणाल, तर त्यालाही फाइल पूर्ण मोकळी लागते.

तुम्ही सगळ्या टर्मिनलांवर ब्रेक मेसेज पाठवता: कृपया साइन ऑफ करा. हॉलमध्ये बारा टर्मिनलं एकदम कोकलतात. बारा जण मेसेज वाचतात, एंटर मारून पुसतात आणि काम चालू ठेवतात. पुन्हा पाठवा. पुन्हा पुसतात. गाड्या उभ्या असताना प्रोग्रामरचं कोण ऐकतं?

पण दुपारचं ऐकावंच लागतं. लाऊडस्पीकर खरखरतो, ‘‘सर्वांनी पूजेसाठी शॉपफ्लोअरवर यावे.’’ पंखे थांबतात, यंत्रं थांबतात, आणि या कारखान्यात पहिल्यांदाच तुम्हाला माणसांचे आवाज ऐकू येतात. साहेबांचा शिरस्ता कडक आहे: जागा सोडली की साइन ऑफ. एकेक पडदा साइन ऑनच्या पाटीवर येतो. आत्ता. हीच वेळ. चालू जॉब बघा, फाइल कुणाच्या हातात आहे बघा. कुणाच्याच नाही. खोटं चलन तुम्ही स्वतः भरा. क्यूत गेलं नाही. चिंचवडची चलनंही याच शांततेत चालू फाइलमधून खोडून टाका. ट्रिगर फक्त ‘भर’वर लावलेला आहे, खोडताना तो हूं की चूं करत नाही. इतिहासाच्या फाइलचा आकारही बदलून घ्या, कमाल मर्यादा काढून टाका, आता पुन्हा कोण येणार आहे.

दारावर टकटक. पुजाऱ्यांच्या हातात तबक, मागे साहेब, अण्णा, स्टोअर्सचा मुलगा. सगळे अनवाणी. उदबत्तीचा धूर एसीच्या झोतात आडवा जातो. एएस/400 च्या दाराला हळद-कुंकू लागतं, झेंडूचा हार चढतो, आणि साहेब तो हार पंख्याच्या जाळीवरून अलगद बाजूला सरकवतात. नारळ बाहेर फोडायचा, आत नाही, हे दरवर्षी सांगावं लागतं. तुमच्या हातावर पेढा पडतो. अण्णा हळूच विचारतात, ‘‘काय झालं होतं रे नक्की?’’ तुम्ही ट्रिगर, क्यू, 40 40 40 सांगायला तोंड उघडता, त्यांचा चेहरा पाहता आणि म्हणता, ‘‘जॉबनं बुधवारी एक प्रश्न विचारला होता अण्णा. आज उत्तर दिलं.’’ ‘‘मग बुधवारीच द्यायचं ना,’’ अण्णा म्हणतात.

या, परत या आता. चपला आपल्याच घालून या.

त्या पेटीची नावं नंतर बरीच बदलली. आज तीच व्यवस्था आयबीएम आय म्हणून चालते, आणि त्या काळचे कितीतरी आरपीजी प्रोग्राम तिच्यावर अजून काम करतात. क्यूसिसऑपर आहे. एमएसजीडब्ल्यू आहे. आकार न सांगता फाइल बनवलीत तर आजही ती 10,000 पासून सुरू होते, 1,000 ने तीनदा वाढते आणि 13,000 ला थांबून विचारते. तुमच्या ऑफिसात अशी पेटी असेल तर उद्या सकाळी आधी मेसेज क्यू उघडा, आणि शेवटून वाचा.